कंट्रोल लाइन विमानाची मोटर-बॅटरी निवडताना : सुरुवात स्टॉपवॉचपासून

कंट्रोल लाइन विमान, म्हणजे हातातल्या हँडलला तारांनी जोडलेलं आणि आपल्याभोवती वर्तुळात फिरणारं मॉडेल विमान, विजेवर उडवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो : मोटर कुठली घेऊ? मीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच फसलो. खरं तर मोटरचा नंबर बराच नंतर लागतो. आधी ठरवायचं ते हे, की विमानानं एक फेरी किती सेकंदांत पूर्ण करायची. तो आकडा हातात आला की प्रॉपेलर, आरपीएम (मिनिटाला किती फेरे), मोटरचा केव्ही, बॅटरीचे सेल आणि तिची क्षमता म्हणजे एमएएच, हे सगळं एकामागोमाग त्यातूनच निघतं.

रेडिओवर चालणाऱ्या विमानाची गोष्ट वेगळी. तिथे वेग कमी पडला तर अंगठ्यानं थ्रॉटल वाढवता येतो. आपल्या हातात हँडल, दोन तारा आणि त्या तारांच्या टोकाला बेलक्रँकला, म्हणजे विमानातल्या फिरत्या तरफेला, जोडलेला एलेव्हेटर (विमानाला वर-खाली वळवणारी शेपटावरची झडप), बस्स. मोटरला काय सांगायचं ते जमिनीवरच सांगून ठेवावं लागतं. म्हणून इथे निवडीला महत्त्व जास्त, आणि चूकही हवेतच कळते.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतो : सव्वा मीटरच्या आत पंख असलेलं, बॅटरीसकट १ किलो वजनाचं शिकाऊ विमान, आणि हँडलपासून विमानाच्या मध्यरेषेपर्यंत १५ मीटर. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच.

१. फेरीची वेळ ठरवा

१५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ९४ मीटर. फेरी ५ सेकंदांची धरली तर वेग येतो सेकंदाला १८.८ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर.

पाचच का? तारा ताणलेल्या राहिल्या तरच एलेव्हेटर आपलं ऐकतो, आणि तारा ताणल्या जातात त्या वेगानं. वरच्या वेगाला १ किलोचं विमान तारांना सुमारे २.४ किलोनं ओढतं. विमान डोक्यावर आलं की त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा होतं, उरतो १.४ किलोचा ताण. फेरी ६ सेकंदांची केली तर डोक्यावर उरतो जेमतेम ७०० ग्रॅम, आणि त्यातही वर चढताना गेलेला वेग मी हिशेबात धरलेलाच नाही. उलट फेरी सव्वाचार सेकंदांवर आणली तर ताण भरपूर, पण नवख्याचा हात मागे पडतो आणि तिसऱ्या फेरीपासून डोकं गरगरायला लागतं. शिकताना ५ ते ५.३ सेकंद बरे पडतात.

आंतरराष्ट्रीय स्टंट (हवाई कसरती) प्रकारात, म्हणजे एफ२बीमध्ये, तारा १५ ते २१.५ मीटर चालतात. तिथली मोठी विमानं २० मीटरच्या आसपासच्या तारांवरही साधारण पाच-सव्वापाच सेकंदांचीच फेरी घेतात. त्रिज्या मोठी, त्यामुळे प्रत्यक्ष वेग बराच जास्त.

२. प्रॉप आणि आरपीएम

प्रॉपवर दोन आकडे असतात. १०×५ म्हणजे व्यास १० इंच, पिच ५ इंच. पिच म्हणजे स्क्रूसारखा एका फेऱ्यात प्रॉप किती पुढे जाईल ते. ५ इंच म्हणजे ०.१२७ मीटर. १८.८ ला ०.१२७ नं भागलं की सेकंदाला १४८ फेरे, मिनिटाला ८,९००. हवा काही लाकूड नाही, प्रॉप थोडा घसरतोच, म्हणून १० ते १२ टक्के वर धरायचे. आपला आकडा झाला सुमारे १०,००० आरपीएम.

पिच ६ घेतली तर आरपीएम ८,३०० च्या घरात येतात, ४ घेतली तर १२,४०० वर जातात. स्टंटला बहुतेक जण पिच कमी आणि आरपीएम जास्त ठेवतात. कारण साधं आहे : कमी पिचचा प्रॉप वर चढताना जोर देतो आणि खाली येताना ब्रेकसारखा वागतो, त्यामुळे चढउतारात वेग एकसारखा राहतो. जास्त पिचला बॅटरी थोडी कमी लागते, पण विमान खाली येताना सुटतं.

व्यास ठरवताना जमिनीपासूनचं अंतर बघा. चाकांवर उभं असताना प्रॉपच्या टोकाखाली तीन-चार सेंटिमीटर तरी हवेत, नाहीतर गवतातच पहिला प्रॉप जाईल. आणि प्रॉप इलेक्ट्रिकसाठी बनवलेलाच घ्या. इंजिनचे प्रॉप धक्के सोसण्यासाठी जाड असतात, इथे ते नुसतं ओझं.

इथे एक गंमत सांगायला हवी. इंजिनला जे सहजी जमत नाही ते मोटरला जमतं : उलटं फिरणं. मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा फिरली. मग पुशर म्हणून विकले जाणारे प्रॉप पुढे लावता येतात. नेहमीच्या दिशेनं फिरणारा प्रॉप विमानाला डावीकडे, म्हणजे आपल्याकडे, कलवायला बघतो. उड्डाणाच्या क्षणी, वेग कमी असताना, नेमकं हेच नको असतं. उलटा प्रॉप त्याला बाहेर कलवतो, तारा ताणलेल्या राहतात. मुरलेले स्टंटवाले पुष्कळदा उलटाच लावतात. तुम्ही मिळेल तो लावा, फक्त एक लक्षात ठेवा : प्रॉप कुठलाही असो, अक्षरं छापलेली बाजू नेहमी उड्डाणाच्या दिशेला. उलटी बसवली तर मोटर ओरडते, वॉट खाते आणि विमान जागचं हलत नाही. हे दिसायला इतकं किरकोळ असतं की अर्धा तास मोटरलाच शिव्या घातल्या जातात.

३. केव्ही आणि सेल : सगळ्यात जास्त चुका इथे

केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टमागे मोटर किती आरपीएम फिरेल तो आकडा. किलोव्होल्टशी त्याचा संबंध नाही, आणि ताकदीशीही थेट नाही. १,००० केव्हीची मोटर १४ व्होल्टवर मोकळी १४,००० फिरेल. प्रॉप लावला की त्यातले १५ ते २० टक्के गेले. उरलेल्यातूनही १०-१५ टक्के राखीव ठेवायचे. ते कशासाठी, ते सांगतो.

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीचा सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टचा, पण भाराखाली आणि उड्डाणाच्या शेवटी तो ३.५ पर्यंत उतरतो. मोटरला नुसतं 'अमुक टक्के थ्रॉटल' असं सांगून ठेवलं तर बॅटरीबरोबर आरपीएमही उतरत जातात. म्हणून आपण ईएससी, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला वेग-नियंत्रक, गव्हर्नर मोडमध्ये चालवतो : त्याला १०,००० सांगितले की तो १०,०००च राखतो, बॅटरी उतरली तर थ्रॉटल स्वतःच वाढवतो, चढावर प्रॉपवर भार आला तरी वाढवतो. इंजिनवाले हेच काम इंधनाची सुई फिरवून साधायचे. सपाट उडताना इंजिन मुद्दाम जाड (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर, अडखळत चालवायचं; नाक वर झालं की ते आपोआप खुलायचं. ते जुळवण्यात आयुष्यं गेली. गव्हर्नर ते एका आकड्यात करून देतो. पण वाढवायला वर जागाच नसेल तर तो तरी काय करणार?

माझ्या पहिल्या विमानात ४ सेल आणि ८०० केव्हीची मोटर होती. केव्ही कमी म्हणजे जोर जास्त, असं कुठेतरी ऐकलं होतं. पहिलं मिनिट झकास, फेरी बरोबर ५ सेकंदांची. दुसऱ्या मिनिटापासून ५.१, मग ५.२, शेवटी ५.४. मला वाटलं बॅटरी खराब आहे. दुसरी आणली. तिचंही तेच. कागदावर हिशेब केला तेव्हा उजेड पडला : भाराखाली भरलेल्या सेलचे ४ व्होल्ट धरून एकूण १६, त्यावर १२,८००, भाराचे वजा जाता साधारण १०,५००. चालतंय. शेवटी १४ व्होल्टवर ११,२००, वजा जाता ९,२००. गव्हर्नर पूर्ण थ्रॉटलला जाऊन बसला होता आणि पुढे त्याच्या हातात काही नव्हतं.

म्हणून हिशेब नेहमी उतरलेल्या बॅटरीचा करा. सेलमागे ३.५ व्होल्ट. ४ सेल म्हणजे १४. हवे असलेले आरपीएम केव्ही गुणिले व्होल्टच्या ७० ते ७५ टक्के असावेत :

१०,००० ÷ १४ ÷ ०.७२ = सुमारे १,०००

म्हणजे ४ सेलवर १,००० केव्हीची मोटर. हेच ३ सेलवर केलं तर १,३०० च्या आसपास येतं. तेही चालेल, फक्त तेवढ्याच वॉटला अँपिअर जास्त लागतील आणि वायरी जास्त तापतील. मोठ्या स्टंट विमानांत म्हणूनच ६ सेल आणि ७०० च्या आसपासच्या केव्ही दिसतात. फार जास्त केव्हीही नको. गव्हर्नर कायम अर्ध्या थ्रॉटलवर चालला की ईएससी तापतो आणि बॅटरी वाया जाते.

४. मोटर किती मोठी

आता वजन आणि वॉट. शिकाऊ विमानाला किलोमागे २०० ते २२० वॉट पुरतात. पूर्ण स्टंट कार्यक्रमाला ३०० किंवा त्याहून वर. आपल्या १ किलोला हवेत सरासरी २०० धरू, जमिनीवर उभ्या विमानात २५० पर्यंत दिसतील.

जाहिरातीत '५०० वॉट' लिहिलेलं असतं. ते १५ सेकंदांपुरतं की सलग, ते क्वचितच लिहिलेलं असतं. आपली मोटर मिनिटन्‌मिनिट त्याच आरपीएमला चालते, तिला मध्ये उसंत नाही. माझा ठोकताळा : मोटरच्या वजनाच्या ग्रॅममागे सलग ३ वॉटच्या आत राहायचं. २५० वॉटला ८५ ग्रॅम. १०० ते ११० ग्रॅमची घ्या म्हणजे नाकाला वजनही मिळतं. आउटरनर जातीची, म्हणजे बाहेरचा डबा फिरतो ती. प्रॉप थेट लावता येतो, गिअर लागत नाही.

५. बॅटरी

२०० वॉट, ५ मिनिटं. २०० × ५ ÷ ६० = १६.७ वॉट-तास. ४ सेलच्या १४.८ व्होल्टनं भागलं की १.१३ अँपिअर-तास, म्हणजे १,१३० एमएएच. लिपो ८० टक्क्यांपुढे रिकामी करायची नाही, म्हणून ०.८ नं भागा : १,४१०. बाजारात १,५०० मिळते, तीच घ्या. 'असू दे जास्तीची' म्हणून २,२०० घेतली की विमान ऐंशीएक ग्रॅमनं जड होतं, आणि ते वजन प्रत्येक कोपऱ्यावर, म्हणजे विमान झटक्यात वळवताना, जाणवतं.

सी रेटिंगवर, म्हणजे बॅटरी आपल्या क्षमतेच्या किती पट अँपिअर देऊ शकते त्या आकड्यावर, फार जीव टाकू नका. जमिनीवरच्या २५० वॉटसाठी १८ अँपिअर काढायचे तर १,५०० एमएएचला १२ सी लागतो. लेबलावर ३० लिहिलं असेल आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मा निघाला तरी आपलं भागतं.

जास्त विचार करायचा तो बॅटरी बांधण्याचा. विमान वर्तुळात फिरताना आतली प्रत्येक वस्तू बाहेरच्या पंखाकडे ढकलली जाते. आपल्या वेगाला हा जोर वजनाच्या २.४ पट. १७० ग्रॅमची बॅटरी चारशे ग्रॅमच्या जोरानं बाहेरच्या भिंतीवर रेलून बसते, सबंध उड्डाणभर, आणि कोपऱ्यात त्यात आणखी भर. प्रोफाइल विमानात, म्हणजे जिथे धड नुसती फळी असते तिथे, बॅटरी फळीच्या आतल्या बाजूला बांधा, म्हणजे ती फळीवर दाबली जाईल. बाहेरच्या बाजूला बांधली तर सगळा भार पट्ट्यावर. मी एकदा नुसत्या वेल्क्रोवर विसंबलो होतो. सातव्या फेरीला बॅटरी वायरीला लटकत होती. वेल्क्रो सरकू नये म्हणून, पट्टा सुटू नये म्हणून, दोन्ही हवेत.

इंजिनच्या विमानात टाकी रिकामी होत जाते तसं नाक हलकं होतं. इथे पहिल्या फेरीचा तोल शेवटच्या फेरीलाही तसाच. बॅटरी पुढेमागे दोन-तीन सेंटिमीटर सरकेल अशी जागा ठेवा, तोल जुळवायला दुसरं शिसं लागणार नाही.

६. ईएससी

जमिनीवर मोजलेल्या अँपिअरच्या दीडपट ते दुप्पट. आपल्याला ३० किंवा ४० अँपिअरचा. खरी अट ही, की त्यात गव्हर्नर मोड हवा. हेलिकॉप्टरसाठीच्या ईएससीत तो बहुधा असतो. बीईसी, म्हणजे टायमरला ५ व्होल्ट देणारा भाग, आत आहे ना तेही पाहा. ऑप्टो प्रकारात तो नसतो.

बसवल्यावर तीन सेटिंग्ज बघाच. कमी व्होल्टेजला मोटर एकदम बंद करणारी सोय 'हळूहळू कमी करा' यावर ठेवा. डोक्यावर असताना मोटर खटकन थांबली तर तारा ढिल्या आणि पुढचं सांगायला नको. दुसरं, मोटरमधले चुंबक मोजून तो आकडा सेटिंगमध्ये भरा. अशा मोटरींत १४ असणं नेहमीचं. तिथे १२ भरले तर खऱ्या १०,००० ला यंत्र ११,६६७ दाखवील आणि तुम्ही उगाच कमी करत बसाल. तिसरं, थ्रॉटलची खालची आणि वरची हद्द टायमरला जोडून शिकवून घ्या.

वायरी लांबवायच्या तर मोटरकडच्या लांबवा, बॅटरीकडच्या नाही. बॅटरीकडच्या लांब वायरींमुळे व्होल्टेजचे झटके बसतात आणि ईएससीतले कपॅसिटर जातात.

७. टायमर

रेडिओ नाही, मग मोटर चालू-बंद कोण करणार? हा छोटासा पट्टीवजा टायमर. तो ईएससीला सर्व्होसारखाच सिग्नल देतो. बटण दाबलं की थोडं थांबून मोटर चालू, ठरलेला वेळ आरपीएम कायम, शेवटी मोटर क्षणभर कमीजास्त करून इशारा, मग बंद. कोपऱ्यात, चढावर स्वतःहून जोर वाढवणारे हुशार टायमरही मिळतात. पहिल्या विमानाला साधा बास.

सुरुवातीचा विलंब ३० सेकंद ठेवा. विमानापासून १५ मीटर चालत जायचं, मनगटात सुरक्षा पट्टा घालायचा, हँडल उचलायचं, वर-खाली बरोबर आहे ना ते एलेव्हेटरकडे बघून तपासायचं. १० सेकंद ठेवून धावत सुटणारे मी पाहिलेत. विमान धरायला माणूस असावा. नसेल तर स्टूज करा : जमिनीत रोवलेला खुंटा, त्यात शेपटाजवळ अडकवलेली पिन आणि हँडलपर्यंत आलेली दोरी. दोरी ओढली की विमान सुटलं.

बॅटरी जोडली की प्रॉप जिवंत समजायचा, बटण दाबलेलं असो वा नसो. बॅटरी आणि ईएससीच्या मधल्या लाल वायरीत बाहेरून लावायचा एक प्लग बसवून घ्या. तो विमानाच्या मागे उभं राहून, सगळ्यात शेवटी लावायचा आणि उतरल्यावर सगळ्यात आधी काढायचा.

८. टेबलावर, मग मैदानात

पहिली चाचणी प्रॉप काढून. टायमर, दिशा, बंद होणं, इशारा. मग प्रॉप लावून, विमान घट्ट बांधून, वॉटमीटर मध्ये घालून. टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम मोजणाऱ्या यंत्रावर, १०,००० दिसतात का, वॉट २५० च्या आत आहेत का, ते पाहा. टॅकोमीटर उन्हात वापरा. ट्यूबलाइटखाली तो दिव्याचंच लुकलुकणं मोजतो. एक मिनिट चालवून मोटर, ईएससी, बॅटरी हातानं चाचपा. बोट टेकवत नसेल तर हवा खेळत नाही. हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर जाण्याचं भोक मोठं हवं, दुप्पट असलं तर उत्तम.

मैदानात वीजतारा दूरपर्यंत नकोत, आकाशात ढग गडगडत नकोत. आपल्या तारा पोलादी आहेत. उडवण्याआधी ओढून बघायची चाचणी : हँडल धरून विमानाच्या वजनाच्या १० पट ताण, म्हणजे आपल्याला १० किलो.

पहिल्या उड्डाणाला टायमर २ मिनिटांवर. सपाट उडवा, कुणाला तरी पाच फेऱ्या मोजायला सांगा, पाचानं भागा. फेरी ५.३ ची आली आणि ५ ची हवी तर आरपीएम त्याच प्रमाणात वाढवायचे : १०,००० चे १०,६००. ५.३ लाच हातात विमान छान वाटत असेल तर तसंच राहू द्या.

उतरल्यावर बॅटरी चार्जरला लावा, १ सीनं, म्हणजे आपल्या १,५०० ला दीड अँपिअरनं, आणि जवळच बसा. किती एमएएच परत गेले ते बघा. समजा ४३० गेले. मिनिटाला २१५, पाच मिनिटांना १,०७५. दीड हजारातले बहात्तर टक्के. टायमर पाचवर न्या. १,२०० च्या वर जायला लागलं तर साडेचारवर आणा. मोसम संपताना बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. भरून ठेवलेल्या फुगतात.